फुगवलेल्या स्टेंटची परीक्षा

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून फाटे फुटत जातात. मुख्य भागात त्यांचा आतला व्यास साधारण ३ ते ४ मिलिमीटर असतो आणि पुढे तो कमी होत जातो. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल, तंतुमय ऊतक आणि कॅल्शियम वर्षानुवर्षे साचून जो थर तयार होतो त्याला प्लाक म्हणतात, आणि या थराने धमनीचा मार्ग अरुंद केला की चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखू लागते. या दुखण्याला वैद्यकात अंजायना असे नाव आहे. हाच थर अचानक फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, तर धमनी पूर्ण बंद पडून हृदयविकाराचा झटका येतो. रोजच्या बोलण्यात ज्याला ‘ब्लॉकेज’ म्हणतात तो हा अडथळा छाती न उघडता दूर करण्यासाठी स्टेंट नावाची धातूची जाळीदार नळी वापरली जाते.

स्टेंट बसवण्याची क्रिया सांगायला सोपी आहे. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून कॅथेटर, म्हणजे एक पातळ लवचीक नळी, करोनरी धमनीच्या मुखापर्यंत नेतात. तिच्यातून सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीची तार अडथळ्यापलीकडे सरकवतात आणि त्या तारेवरून, मिटलेल्या फुग्यावर घट्ट दाबून बसवलेला स्टेंट अडथळ्याच्या जागी आणतात. फुग्यात हवा भरली जात नाही, कारण फुगा फुटलाच तर हवेचा बुडबुडा रक्तप्रवाह अडवू शकतो. त्याऐवजी क्ष-किरणांत दिसणारे रंगद्रव्य आणि सलाइन यांचे मिश्रण हातपंपाने भरतात आणि पंपावरील दाबमापकाचा काटा बहुधा १० ते २० वातावरणांच्या दरम्यान नेऊन काही सेकंद तेथे धरतात. स्टेंट उघडतो, प्लाक भिंतीकडे दाबला जातो, फुगा रिकामा करून काढून घेतला जातो आणि जाळी धमनीत कायमची राहते.

ज्या दाबाने धमनी मोकळी होते त्याच दाबाने तिची भिंत ताणली जाते आणि तिचे आतले अस्तर खरचटते, शिवाय रक्ताच्या प्रवाहात एक परका धातू उघडा पडतो. म्हणून स्टेंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न एकच नसून तीन प्रश्नांचा मिळून बनलेला आहे: स्टेंट हवा तेवढा आणि हवा तसा उघडतो का, उघडल्यावर त्याच आकारात टिकतो का, आणि पुढची अनेक वर्षे शरीर त्याला कसे वागवते. ब्रिटनमध्ये गेल्या चार दशकांत या तिन्ही प्रश्नांवर झालेले काम पाहिले, तर कोणतीही चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देते आणि न विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा रुग्णाच्या धमनीतच पहिल्यांदा समोर येतो, असे ध्यानात येते.

प्रयोगशाळेतील परीक्षा

फुग्याने उघडणारे स्टेंट स्टेनलेस स्टील, कोबाल्ट-क्रोमियम किंवा प्लॅटिनम-क्रोमियम या मिश्रधातूंचे असतात. धातूवर थोडा ताण दिला तर तो सोडल्यावर धातू मूळ आकारात परततो. पण ताण एका मर्यादेपलीकडे गेला की नवा आकार कायम होतो, आणि स्टेंटचे उघडे राहणे या दुसऱ्या गुणधर्मावर अवलंबून असते. तरीही फुगा रिकामा झाल्यावर जाळी थोडीशी आत येतेच. या परतण्याला रिकॉइल म्हणतात आणि व्यासाच्या किती टक्के ते होते हे प्रत्येक नमुन्यासाठी मोजावे लागते, कारण ३ मिलिमीटर व्यासाच्या धमनीत पाव-अर्ध्या मिलिमीटरनेही रक्ताला मिळणारी वाट बरीच कमी होते. स्वतःहून उघडणारे स्टेंट वेगळ्या तत्त्वावर चालतात. ते आवरणात दाबून ठेवलेले असतात आणि आवरण मागे ओढले की स्प्रिंगच्या ताणाने मोकळे होऊन भिंतीला टेकतात.

बाजारात येण्यापूर्वी स्टेंटच्या कोणकोणत्या चाचण्या व्हाव्यात हे आयएसओ २५५३९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात दिलेले आहे. उघडताना स्टेंटची लांबी किती आखडते, फुग्याची दोन टोके मधल्या भागाच्या आधी फुगून धमनीच्या भिंतीत रुततात का, बाहेरून सर्व बाजूंनी दाबल्यास जाळी किती बळापर्यंत तग धरते, वाकड्या धमनीतून जाताना ती फुग्यावरून निसटते का, खाऱ्या द्रवात तिला गंज चढतो का, एमआरआय यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात ती तापते किंवा हलते का, असे प्रश्न त्यात येतात. फुग्याची परीक्षाही तितकीच कडक असते: वेष्टनावर छापलेल्या कमाल दाबाला किंवा त्याखाली १००० पैकी किमान ९९९ फुगे फुटणार नाहीत, हे ९५ टक्के खात्रीने दाखवावे लागते. त्याच वेष्टनात एक तक्ता असतो, ज्यात किती वातावरणांच्या दाबाला स्टेंटचा व्यास किती होईल हे ओळीने दिलेले असते, आणि कॅथलॅबमधील, म्हणजे स्टेंट बसवण्याच्या खोलीतील, डॉक्टर दाब ठरवताना त्याचाच आधार घेतात.

टिकाऊपणाची चाचणी सर्वांत चिकाटीची आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले तर १० वर्षांत हृदय सुमारे ३८ कोटी वेळा धडधडते आणि प्रत्येक ठोक्याला धमनी किंचित फुगून पुन्हा आकसते, म्हणून स्टेंट रबरासारख्या लवचीक नळीत बसवून त्या नळीत सुमारे ४० कोटी वेळा दाबाची आवर्तने दिली जातात. सेकंदाला ६० आवर्तने या गतीने हे काम सुमारे ७७ दिवस अहोरात्र चालते आणि त्यानंतर जाळीची प्रत्येक काडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कोठे तडा गेला आहे का, हे तपासले जाते. यापुढे डुकरांच्या करोनरी धमन्यांवरील प्रयोग येतात, कारण आकाराने आणि रचनेने त्या माणसाच्या धमन्यांच्या जवळच्या आहेत. ठरावीक काळाने, उदाहरणार्थ २८, ९० आणि १८० दिवसांनी, त्या धमनीचे पातळ काप घेऊन जाळीवर नवे अस्तर आले का आणि सूज किती राहिली हे पाहतात.

प्रयोगशाळेतील या परीक्षांना एक मर्यादा आहे. प्रयोगासाठी घेतलेली नळी सरळ, गोल आणि स्वच्छ असते, तर रुग्णाची धमनी वाकडी असते, तिच्या एका बाजूला कॅल्शियमचा दगडासारखा थर असू शकतो आणि ती मुळाशी रुंद व पुढे अरुंद होत जाते. डाव्या मुख्य धमनीतून फाट्यात जाणारा स्टेंट फाट्याच्या मापाने निवडला, तर मुळाशी तो मोठ्या फुग्याने पुन्हा फुगवावा लागतो. असा जादा फुगवलेला स्टेंट कोठवर ताणता येतो हे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले. निरनिराळ्या कंपन्यांचे औषधलेपित स्टेंट मोठ्या फुग्यांनी फुगवल्यावर प्रत्येक नमुन्याची कमाल मर्यादा वेगळी निघाली आणि मर्यादेजवळ पोहोचल्यावर जाळीची वळणे सरळ होऊन तिची रचना बिघडू लागली. वेष्टनावर एकच माप लिहिलेले दोन स्टेंट जादा फुगवले असता सारखे वागत नाहीत, हा या अभ्यासाचा व्यवहारातला अर्थ होता.

पहिल्या रुग्णांनी शिकवलेला धडा

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिचमध्ये १६ सप्टेंबर १९७७ रोजी करोनरी धमनी पहिल्यांदा फुग्याने उघडली, तेव्हा स्टेंट नव्हता. फुग्याने मोकळी केलेली धमनी काही रुग्णांत टेबलावरच अचानक बंद पडे आणि पुष्कळांत काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. या दोन दोषांवर उपाय म्हणून १९८६ मध्ये तुलूझ येथे जाक प्युएल आणि लोझान येथे उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या करोनरी धमनीत वॉलस्टेंट हा स्वतःहून उघडणारा स्टेनलेस स्टीलचा स्टेंट बसवला. सिगवार्ट पुढे लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात आले आणि २००१ पर्यंत तेथे होते.

पहिल्या वृत्तांतांनी आशा वाढवली होती. मात्र युरोपातील सहा केंद्रांनी मार्च १९८६ ते जानेवारी १९८८ या काळातील १०५ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला, तेव्हा चित्र बदलले. रॉटरडॅमचे पॅट्रिक सेरुइस यांच्या पुढाकाराने लिहिलेला आणि लंडनच्या नॅशनल हार्ट हॉस्पिटलचे टोनी रिकर्ड्स हे एक सहलेखक असलेला हा अहवाल १९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. १०५ पैकी २५ रुग्णांत, म्हणजे २४ टक्क्यांमध्ये, स्टेंट पूर्ण बंद पडला होता आणि त्यातील बहुतेक घटना पहिल्या १४ दिवसांतल्या होत्या. साधन वापरणाऱ्यांनीच त्याचे अपयश आकड्यांनिशी छापले, ही या क्षेत्राच्या वाटचालीतील मोलाची गोष्ट आहे.

कारणे दोन निघाली आणि दोन्ही फुगवण्याशी व रक्ताशी संबंधित होती. मिलानचे अँटोनियो कोलंबो यांनी धमनीच्या आत जाणाऱ्या बारीक अल्ट्रासाउंड यंत्राने स्टेंट पाहिले, तेव्हा अँजिओग्राफीच्या चित्रात पूर्ण उघडलेले वाटणारे अनेक स्टेंट प्रत्यक्षात अर्धवट उघडलेले आणि भिंतीपासून सुटलेले आढळले. जास्त दाबाने ते नीट टेकवल्यावर गुठळीचे प्रमाण घसरले. हे निष्कर्ष १९९५ मध्ये ३५९ रुग्णांच्या अभ्यासातून प्रसिद्ध झाले. दुसरे कारण औषधाचे होते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे दिली जात, पण धातूवर सर्वांत आधी चिकटतात त्या रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे बिंबाणू, आणि त्यांना रोखणारी औषधे वेगळी असतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टार्स चाचणीत १६५३ रुग्ण होते. ३० दिवसांत गुठळीशी संबंधित गंभीर घटना फक्त अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ३.६ टक्के, अ‍ॅस्पिरिन आणि वॉरफरिन घेणाऱ्यांत २.७ टक्के, तर अ‍ॅस्पिरिन आणि टिक्लोपिडिन घेणाऱ्यांत ०.५ टक्के झाल्या. स्टेंटनंतर बिंबाणूविरोधी दोन गोळ्या देण्याची पद्धत येथून रूढ झाली.

बेलफास्टमधून आलेली सूचना

या शतकाच्या पहिल्या दशकात स्टेंट अधिक पातळ होत गेले. जाळीची काडी पातळ असली की रक्ताचा प्रवाह कमी अडखळतो, नवे अस्तर लवकर येते आणि वाकड्या धमनीतून स्टेंट सहज पुढे जातो. सिरोलिमस हे औषध लावलेल्या पहिल्या स्टेंटची काडी १४० मायक्रोमीटर जाडीची होती, तर पुढच्या पिढीत ती ८० मायक्रोमीटरच्या आसपास आली. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्टेंटची जाळी ही नागमोडी कड्यांची रांग असते आणि या कड्या एकमेकींना लहान जोडांनी बांधलेल्या असतात. लवचीकता वाढवण्यासाठी काही नमुन्यांत दोन कड्यांमधील जोड कमी करून दोनवर आणले गेले. बाहेरून येणारा दाब सोसण्याची ताकद मात्र नव्या मिश्रधातूमुळे टिकून होती, त्यामुळे त्या वेळच्या सर्व चाचण्यांत हे नमुने उत्तीर्ण झाले.

बेलफास्टमधील हृदयरोगतज्ज्ञ कोल्म हॅनरॅटी आणि सायमन वॉल्श यांनी २०११ मध्ये युरोइंटरव्हेन्शन या नियतकालिकात काही रुग्णांच्या धमनीतील एका वेगळ्याच बिघाडाकडे लक्ष वेधले. स्टेंट व्यवस्थित उघडला होता, व्यासही बरोबर होता. पण नंतर आणखी एक फुगा किंवा तपासणीचे दुसरे साधन आत नेताना ते स्टेंटच्या कडेला अडकले आणि स्टेंट लांबीच्या दिशेने हार्मोनियमच्या भात्यासारखा मिटला. मिटलेल्या भागात धातूच्या घड्या धमनीच्या मध्यात आल्या, आणि ज्या भागावरून स्टेंट सरकला तेथील प्लाक पुन्हा उघडा पडला. या दोषाला लांबीच्या दिशेचे विरूपण असे नाव मिळाले. नंतर मँचेस्टरमधील डॉक्टरांनी त्यांच्या केंद्रातील जुन्या नोंदी चाळून हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के प्रक्रियांमध्ये असल्याचे सांगितले आणि एका विशिष्ट नमुन्यात ते इतरांपेक्षा जास्त असल्याचेही दाखवले.

ही सूचना येताच न्यूझीलंडमध्ये जॉन ऑर्मिस्टन आणि सहकाऱ्यांनी निरनिराळे स्टेंट प्रयोगशाळेत लांबीच्या दिशेने दाबून आणि ओढून पाहिले, आणि कड्यांमध्ये दोनच जोड असलेली रचना सर्वांत लवकर आखडते असे दिसले. उत्पादक कंपनीने पुढच्या नमुन्यात, ज्या टोकाला साधने अडकण्याची शक्यता जास्त, त्या टोकाला जादा जोड दिले. एकूण क्रम पाहण्यासारखा आहे: साधनाची व्यासाच्या दिशेने होणारी परीक्षा काटेकोर होती, लांबीच्या दिशेने त्याला कोणी ढकलून पाहिले नव्हते, कारण जुन्या जाड स्टेंटमध्ये तसे करण्याची गरजच पडली नव्हती. पातळपणाने एक धोका कमी केला आणि दुसरा उघड केला, आणि हा दुसरा धोका ओळखला तो रोजचे काम करताना चित्रातील विसंगतीकडे दुर्लक्ष न करणाऱ्या डॉक्टरांनी.

औषधाचा लेप, किंमत आणि काळ

धातूच्या साध्या स्टेंटचा मोठा दोष असा की, खरचटलेली भिंत बरी होताना तिच्या पेशी प्रमाणाबाहेर वाढून जाळीच्या आत नवा अडथळा तयार करीत. ही वाढ रोखणारे औषध जाळीवर लेपून हळूहळू सोडण्याची कल्पना २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅव्हेल चाचणीत इतकी यशस्वी ठरली की २३८ रुग्णांच्या त्या अभ्यासात साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रुग्णांची धमनी पुन्हा अरुंद झाली, तर औषधलेपित गटात एकाचीही नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी उपचारांचे मूल्यमापन करणाऱ्या नाइस या संस्थेपुढे मग प्रश्न आला तो खर्चाचा. जुलै २००८ च्या मार्गदर्शनात संस्थेने सांगितले की धमनीचा व्यास ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल किंवा अडथळा १५ मिलिमीटरपेक्षा लांब असेल, आणि दोन प्रकारच्या स्टेंटच्या किमतींतील फरक ३०० पौंडांपेक्षा जास्त नसेल, तरच औषधलेपित स्टेंट वापरावा. भारतात किमतीचा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला गेला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या विक्रीकिमतीवर थेट मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये मात्र कोणत्या धमनीत जादा खर्चाला जादा फायदा आहे, यावर भर राहिला.

याच काळात सुरक्षिततेचा आणखी एक प्रश्न उभा राहिला. जे औषध पेशींची नको असलेली वाढ थांबवते तेच औषध धातूवर यायला हवे असलेले अस्तरही लांबवते, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनंतरही स्टेंटमध्ये गुठळी होण्याच्या घटना २००६ च्या सुमारास चर्चेत आल्या. निरनिराळ्या अभ्यासांत गुठळीची व्याख्याच वेगळी असल्याने तुलना जमेना. म्हणून २००७ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सामाईक व्याख्या दिल्या: पहिल्या २४ तासांतील गुठळी तात्काळ, त्यापुढे ३० दिवसांपर्यंतची उपतात्काळ, वर्षाच्या आतील उशिराची आणि वर्षानंतरची अतिउशिराची, शिवाय पुराव्याच्या बळानुसार निश्चित, संभाव्य आणि शक्य अशा पायऱ्या. व्याख्या सारखी झाल्यामुळे एका देशातील नोंद दुसऱ्या देशातील नोंदीशी ताडून पाहता येऊ लागली.

धातू कायम राहण्याचा प्रश्न मुळातूनच सोडवण्यासाठी विरघळणारा स्टेंट आला. अ‍ॅब्सॉर्ब या नावाचा हा साचा पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे शरीरात हळूहळू विरून जाणाऱ्या पॉलिमरचा होता; धातूइतकी ताकद येण्यासाठी त्याच्या काड्या सुमारे १५० मायक्रोमीटर जाड ठेवाव्या लागल्या. सेरुइस तेव्हा इम्पिरियल कॉलेजशी संबंधित होते आणि त्यांच्या नेतृत्वाखालील अ‍ॅब्सॉर्ब-२ चाचणीचे तीन वर्षांचे निकाल २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. ५०१ रुग्णांच्या या अभ्यासात विरघळणाऱ्या साच्याच्या गटात निश्चित किंवा संभाव्य गुठळी ३ टक्के रुग्णांत झाली, तर धातूच्या स्टेंटच्या गटात एकाही रुग्णात नाही. साचा विरल्यावर धमनी पुन्हा नैसर्गिकपणे प्रसरण पावेल ही अपेक्षाही सिद्ध झाली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. एका वर्षाचे निकाल पाहून थांबणाऱ्याला हा दोष दिसला नसता. तीन वर्षे वाट पाहण्याचा नियम असल्यामुळे तो दिसला.

रुग्णांवरील चाचण्या: ब्रिटनची खासियत

प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचणीत दोन गट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, डॉक्टरांच्या किंवा रुग्णाच्या निवडीविना पाडले जातात, म्हणजे दोन्ही गटांतील रुग्ण सरासरीने सारखे असतात. हीच पद्धत वापरून ब्राइटनचे डेव्हिड हिल्डिक-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी धमनीच्या फाट्यावरील अडथळ्याचा अभ्यास केला. मुख्य फांदीत एक स्टेंट बसवून गरज पडली तरच बाजूच्या फांदीला हात लावणे, किंवा सुरुवातीलाच दोन्ही फांद्यांत स्टेंट बसवणे, असे दोन पर्याय होते. ५०० रुग्णांच्या या चाचणीचे निकाल २०१० मध्ये आले: मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा त्याच धमनीत पुन्हा बिघाड असे ९ महिन्यांतील प्रमाण साध्या पद्धतीत ८ टक्के आणि गुंतागुंतीच्या पद्धतीत १५.२ टक्के निघाले. जास्त धातू आणि जास्त फुगवणे म्हणजे जास्त सुरक्षितता, असे येथे दिसले नाही.

याहून धाडसी प्रश्न इम्पिरियल कॉलेजच्या रशा अल-लामी, डॅरेल फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. स्थिर अंजायनामध्ये, म्हणजे धावपळ केल्यावरच दुखणाऱ्या आणि झटक्याचा धोका तातडीचा नसलेल्या रुग्णांत, स्टेंटने होणारा फायदा किती स्टेंटचा आणि किती ‘आपल्यावर उपचार झाला’ या भावनेचा? हे ठरवण्यासाठी ब्रिटनमधील पाच केंद्रांत ऑर्बिटा ही चाचणी झाली. आधी सहा आठवडे सर्व रुग्णांची औषधे व्यवस्थित बसवली गेली. मग कॅथलॅबमध्ये रुग्णाच्या कानाला हेडफोन लावून संगीत सुरू केले, गुंगीचे औषध दिले, आणि २०० पैकी १०५ जणांना स्टेंट बसवला; उरलेल्या ९५ जणांना स्टेंट न बसवता गुंगीतच किमान १५ मिनिटे टेबलावर ठेवले, म्हणजे कोणत्या गटात आहोत हे त्यांना कळू नये. अशा बनावट उपचाराला प्लासिबो म्हणतात. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ स्टेंट गटात सरासरी २८.४ सेकंदांनी आणि प्लासिबो गटात ११.८ सेकंदांनी वाढला होता, १६.६ सेकंदांचा हा फरक योगायोगाने पडलेला नाही, असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालावर मोठा वाद झाला, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यातील एक तपशील लक्षणीय आहे. धमनीतील दाब मोजण्यासाठी आत घातलेल्या तारेमुळे प्लासिबो गटातील चार रुग्णांच्या धमनीला इजा झाली आणि त्यांना स्टेंट बसवावा लागला. म्हणजे फुगवणे तर दूरच, तपासणीची नुसती तारही निर्धोक नसते. पुढे ऑर्बिटा-२ या चाचणीत १४ केंद्रांतील ३०१ रुग्णांची अंजायनाची औषधे बंद करून तीच तुलना पुन्हा केली, आणि २०२३ मध्ये आलेल्या निकालांत स्टेंट गटातील छातीचे दुखणे प्लासिबोच्या तुलनेत स्पष्टपणे कमी झाले. दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या तर औषधे नीट चालू असताना स्टेंटची भर लहान असते आणि औषधे नसताना ती ठळक दिसते, असा अर्थ निघतो. हृदयविकाराच्या झटक्यात धमनी तातडीने उघडण्याचा फायदा मात्र या चर्चेबाहेरचा आहे. तो वेगळ्या पुराव्यांनी पक्का झालेला आहे.

भारतीय स्टेंटही याच पद्धतीने तपासला गेला. सुरतच्या सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या ६० मायक्रोमीटर काडीच्या, सिरोलिमस लेपलेल्या सुप्राफ्लेक्स स्टेंटची टॅलेंट ही चाचणी ब्रिटनसह युरोपातील सात देशांच्या २३ केंद्रांत झाली. न्यूकॅसलच्या फ्रीमन रुग्णालयाचे अजफर झमान हे तिच्या २०१९ मधील लॅन्सेट लेखाचे पहिले लेखक होते. १४३५ रुग्णांमध्ये हृदयजन्य मृत्यू, त्या धमनीशी निगडित झटका किंवा तेथेच पुन्हा करावा लागलेला उपचार यांचे १२ महिन्यांतील एकत्रित प्रमाण सुप्राफ्लेक्समध्ये ४.९ टक्के आणि प्रस्थापित झायन्स स्टेंटमध्ये ५.३ टक्के होते. अशा चाचणीचा उद्देश नवा स्टेंट श्रेष्ठ ठरवणे नसून, तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे कमी पडत नाही हे दाखवणे असतो.

परवाना मिळाल्यानंतर

ब्रिटनमध्ये करोनरी स्टेंट वैद्यकीय उपकरणांच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक जोखमीच्या वर्गात मोडतो. उपकरणांवर देखरेख ठेवणारी एमएचआरए ही संस्था यलो कार्ड या योजनेतून डॉक्टर, परिचारिका आणि स्वतः रुग्ण यांच्याकडून दुष्परिणामांच्या तक्रारी घेते, आणि ब्रिटिश कार्डिओव्हॅस्क्युलर इंटरव्हेन्शन सोसायटीच्या राष्ट्रीय नोंदवहीत प्रत्येक केंद्रातील प्रक्रियांची माहिती जमा होते. बाजारात आलेल्या उपकरणांच्या पाठपुराव्याचे नवे, अधिक कडक नियम ग्रेट ब्रिटनमध्ये १६ जून २०२५ पासून लागू झाले. अशा नोंदींचे महत्त्व साध्या गणिताने पटते: ज्या दोषाचे प्रमाण ०.२ टक्के आहे तो ५०० रुग्णांच्या चाचणीत सरासरी एकदाच दिसेल, आणि एकदा दिसलेली गोष्ट डॉक्टरांचा हात चुकला म्हणून सोडून दिली जाण्याचा संभव मोठा असतो. हजारो नोंदी एकत्र आल्यावरच तिच्यामागचा नमुना ओळखू येतो.

कॅथलॅबमध्येही शेवटची एक तपासणी उरते. स्टेंट फुगवल्यावर अल्ट्रासाउंड किंवा प्रकाशकिरणांवर चालणारे ओसीटी हे यंत्र धमनीत नेऊन जाळीचा सर्वांत अरुंद भाग किती चौरस मिलिमीटरचा आहे, काड्या भिंतीला टेकल्या आहेत का आणि टोकांजवळ भिंत चिरली आहे का, हे पाहता येते. १९९५ मध्ये कोलंबो यांनी दाखवलेली अर्धवट उघडण्याची चूक आजही स्टेंट निकामी होण्याचे एक मोठे कारण आहे, आणि ती उत्तम कारखान्यात बनलेल्या स्टेंटमध्येही घडू शकते, कारण ती धातूत नसून तो धातू कोणत्या धमनीत, किती दाबाने आणि काय पाहून उघडला यात असते. म्हणून एखाद्या स्टेंटला ‘सुरक्षित’ म्हणताना त्याच्या परवान्याबरोबरच तो कसा बसवला, रुग्णाने दोन्ही गोळ्या ठरलेल्या मुदतीपर्यंत घेतल्या का, आणि बिघाड झालाच तर तो कोठे नोंदला गेला, या तीन गोष्टी विचारणे रुग्णाच्या आणि त्याच्या नातेवाइकांच्या हिताचे आहे. वॉलस्टेंटपासून अ‍ॅब्सॉर्बपर्यंत प्रत्येक सुधारणा अशाच कोणीतरी विचारलेल्या प्रश्नांतून आणि लिहून ठेवलेल्या उत्तरांतून झालेली आहे.